‘पोटभरल्यांचे चोचले’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम सलाम.

साप्ताहिक शब्बाथाविषयीच्या, म्हणजे देवाने नेमलेल्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाविषयीच्या, माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत. त्यातील एक गोष्ट मला मान्य आहे. शब्बाथ पाळण्याचा आग्रह धरताना मी बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातील २:१६ या वचनाचा उल्लेख करायला हवा होता, कारण सण किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोष लावू नये, असे प्रेषित पौल तेथे स्पष्ट सांगतो. ती उणीव माझी. शब्बाथ शनिवारी पाळावा की रविवारी, हा लेखाचा विषयच नव्हता. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर आपल्यालाही ते दिसले असते.

मात्र ‘ताईसाहेब, हे पोटभरल्यांचे चोचले आहेत, हातावर पोट असणाऱ्याला विचारा’ हे वाक्य मी सोडून देणार नाही. ज्या व्यक्तीच्या घराविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही, तिला ‘ताईसाहेब’ म्हणून हिणवणे हा वादाचा कोणता प्रकार आहे?

माझे वडील रोजंदारीवरचे गवंडी होते. रविवारी कामावर येणार नाही, एवढ्याच कारणावरून एका ठेकेदाराने त्यांना ऐन पावसाळ्याच्या तोंडावर घरी बसवले, आणि पुढचे दीड महिने आमचे घर दुकानदाराच्या उधारीवर चालले. तरीही आई शनिवारी रात्रीच दुसऱ्या दिवसाच्या भाकऱ्या थापून ठेवी, रविवारी चूल पेटत नसे, आणि उपासनेहून आल्यावर वडील उंबऱ्याशी पाय पसरून बसले की सिमेंटने फुटलेल्या त्यांच्या बोटांना ती तेल लावी. बायबलच्या निर्गम पुस्तकातला सहाव्या दिवशीचा दुप्पट मान्ना (शब्बाथ दिवशी गोळा करावे लागू नये म्हणून देवाने आदल्या दिवशीच दिलेले दुप्पट अन्न) मला शब्बाथशाळेत शिकवण्यापूर्वी त्या भाकरीच्या दुरडीत कळला होता. हातावर पोट असणाऱ्याला विचारा, असे आपण म्हणता; मी त्याच्याच हाताखाली वाढले.

शास्त्रही आपल्या बाजूने नाही. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात ५:१४ मध्ये विसाव्याच्या हक्कदारांत दास, दासी, बैल, गाढव आणि उपरी (परका) यांची नावे आहेत, आणि पुढच्याच वचनात कारण दिले आहे: तूही मिसर देशात दास होतास. ज्याला स्वतःहून थांबता येत नाही, त्याच्यासाठीच ही आज्ञा धन्याचा हात धरते. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे. ते ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. पण आठवड्याची सुट्टी कोणाला हवी असते, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट कळले होते.

राहिला रविवारी ड्यूटी असणाऱ्यांचा प्रश्न. माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. रविवारी ती वॉर्डात असते, कारण शब्बाथ दिवशी रोग्यांना बरे करणाऱ्या प्रभूची ती शिष्या आहे. तिचा विसाव्याचा दिवस पाळीनुसार बहुधा मंगळवारी येतो, आणि त्या दिवशी ती घरचे कामसुद्धा दुसऱ्यांवर सोपवते. तिला मी कधी दोष दिलेला नाही, आणि माझ्या लेखातही तसे एक अक्षर नाही.