वेशीबाहेर

आज उपासनेहून आले ती सरळ लिहायलाच बसले. बऱ्याच दिवसांचं साचलंय.

माझ्या घटस्फोटाला दोन वर्षं झाली. कोर्टात जेवढी खचले नाही तेवढी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, खचले. वावगं कोणी काही बोललं नाही, हे आधीच सांगते. फक्त मी बसायची तो बाक हळूहळू रिकामा होत गेला. घरोघरच्या प्रार्थनासभेचा निरोप येईना. नाताळात कॅरलवाल्यांचं गाणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आलं, आमच्या दाराशी आलं नाही. मग मीच मागे, दाराजवळच्या बाकावर बसू लागले. आशीर्वाद झाला की कोणाच्या नजरेला नजर न देता निघता येतं.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. नागपूरची थंडी, सगळे शाली गुंडाळून. पाळकसाहेबांनी एकमेकांना ‘शांती असो’ म्हणायला सांगितलं. पुढे सगळे हात मिळवत होते, मी खाली बघत होते. तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून एक म्हातारी सरकत आली. “काहून वं माय, एकटीच बसतं?” म्हणाली आणि हात पुढे केला. बोटं आखडलेली, दोन तर अर्धीच. कुष्ठरोगाने गेलेली.

मी क्षणभर थांबले. लिहिताना लाज वाटते, पण थांबले. तिचा आजार कित्येक वर्षांपूर्वी औषधाने बरा झालाय, बोटं तेवढी तशीच राहिली. गोळ्या सुरू झाल्या की रोग पसरत नाही, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी हात अडला. आणि घरी आल्यावर दुसरीच गोष्ट डोक्यात बसली: मी पुढच्या बाकांवर होते तेव्हा ही कुठे बसायची? इथेच. मला कधी दिसली नाही.

त्या रात्री बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पुन्हा वाचला. कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या नियमाप्रमाणे अशा माणसाने फाटके कपडे घालून ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडत छावणीबाहेर राहायचं. येशू त्याला लांबूनही बरा करू शकला असता, पण आधी हात लावतो. तो अजून अशुद्धच असताना. बरा नंतर होतो. तिथे आपल्या मराठी बायबलात शब्द आहे ‘कळवळा’. शुभवर्तमानांत येशूच्या कळवळ्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, तो आतड्यांवरून आलेला. आपण आतडं तुटतं म्हणतो, अगदी तेच. मला शब्दांची ही जवळीक फार धीर देते. त्या गोष्टीचा शेवट तर मी आधी नीट वाचलाच नव्हता. बरा झालेला माणूस सगळीकडे बोभाटा करत फिरतो आणि त्यामुळे येशूलाच उघडपणे गावात जाता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो. जागांची अदलाबदल झाली.

आणखी एक सांगते. आम्हा ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग असणं हे त्यात घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 साली काढलं. मला हे माझ्या केसच्या वेळी वकिलांकडून कळलं. तेव्हा ती फक्त माहिती होती. आता ते कलम आठवलं की मला त्या म्हातारीचा हात दिसतो.

पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवलंय की इंग्लंडमध्ये फुलहॅमला त्यांनी ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांची मायेने सेवा करणाऱ्या ख्रिस्ती सिस्टर पाहिल्या. हे कशासाठी करता, असं विचारल्यावर रमाबाईंना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो. पुढे केडगावात रमाबाईंनी अशा बायकांसाठी कृपासदन काढलं. घटस्फोटितेला मागे बसवणाऱ्या मंडळीने हे विसरावं, याचा मला मनापासून राग येतो.

कारण आम्ही आलो कुठून? मिशनरी हिस्लॉपसाहेब 1845 मध्ये नागपुरात आले. त्यांच्या नावाच्या कॉलेजचा आम्हाला अभिमान आहे, असायलाच हवा. पण माझ्या पणजोबांचं घर वेशीबाहेर होतं. गावाच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. त्यांना मिशनऱ्यांच्या इंग्रजीचं अप्रूप नव्हतं, आजी सांगायची. येशू वेशीबाहेर मेला, या एका वाक्यावर ते रडले होते. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात आहे ते, तेराव्या अध्यायात. त्यांच्याच पणतवंडांनी देवळात दुसरी वेस घालावी?

आजही म्हातारी आली होती. गुडघे दुखतात म्हणून आता मी तिला ऑटोने आणते. प्रभुभोजनाला पेला धरताना तिची बोटं थरथरतात, म्हणून खालून माझा हात असतो. आमच्या बाकावर अजून चौघं आरामात मावतील. कोणी संकोचाने घरीच बसलं असेल तर मला मेसेज करा, ऑटो तुमच्या घरावरून घेऊ.