काचेचं वाचनालय, घामाघूम वाचक

नवी मुंबईत सार्वजनिक इमारत काचेचीच हवी, असा काही वटहुकूम निघालाय का? आमच्या नोडमधलं, म्हणजे शहराच्या आमच्या भागातलं, नवं वाचनालय बघा. पश्चिमेला अख्खी भिंत काचेची! दुपारी तिथे बसून पुस्तक वाचायचं की पापड वाळवायचे? मग पडदे ओढा, आणि अंधार झाला म्हणून भरदिवसा ट्यूबलाइट लावा. अरे, काच लावली कशाला? फोटोसाठी?

थेट उन्हाने कागद पिवळा पडतो, मुखपृष्ठाचा रंग उडतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने नव्वदच्या दशकात पुस्तकांसाठी काचेचे चार मनोरे बांधले आणि शेवटी आतून लाकडी झडपा बसवल्या. त्याच्या कितीतरी आधी आर्किटेक्ट लुई कान यांनी अमेरिकेत एक्सेटरच्या ग्रंथालयात पुस्तकं आत सावलीत, वाचक खिडकीशी, असा सरळ हिशेब मांडला होता. आमच्याकडे कपाटं काचेला टेकून आणि वाचक मधल्या अंधारात!

आणि तो तीन मजली पोकळ हॉल! खाली कुणी शिंकलं की वर एमपीएससीवाल्यांची तंद्री मोडते. पायऱ्यांवर बसून वाचायचं म्हणे. सत्तरीच्या आजोबांनीसुद्धा? पावसाळ्यात छताच्या काचेतून टपटप, खाली बादली. ही बादली आर्किटेक्टच्या थ्रीडी चित्रात बरी नव्हती!