मार्केझबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

सोलापूरच्या बायकर ग्रुपांवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेतला रायडर मार्क मार्केझ होंडा सोडून थेट डुकाटीच्या मुख्य, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या, संघात गेला आणि २०२४ लाच विश्वविजेता झाला. काल सात रस्त्याच्या गॅरेजमध्ये एका पोराने ऑइलने माखलेल्या हाताने तोच मला दाखवला.

तसं झालेलं नाही. होंडाबरोबर ११ हंगाम आणि सहा मोटोजीपी विजेतेपदं, करार अजून वर्षभर शिल्लक. तरी २०२३ अखेर तो बाहेर पडला आणि ग्रेसिनी या खासगी संघात गेला. गाडी डुकाटीचीच, पण आदल्या वर्षीची. त्या गाडीवर स्पेनमधल्या अरागॉनला शर्यत जिंकली, आधीच्या विजयानंतर तब्बल १,०४३ दिवसांनी! मला तर ते विजेतेपदापेक्षा मोठं वाटतं. २०२४ चा विजेता मात्र प्रामॅक संघाचा होर्हे मार्टिन, मार्केझ तिसरा. मुख्य संघ मिळाला २०२५ मध्ये, आणि विजेतेपद त्याच वर्षी जपानच्या मोतेगीत.

मेसेजमधला फोटोच नीट बघा. मार्केझची ९३ नंबरची गाडी लाल आहे, म्हणजे २०२५ ची. ग्रेसिनीची फिकट निळी होती. या शर्यती मी लाइव्ह पाहिल्यात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.