खुलासा : वॉर्निश मारून जांभ्याची ओल थांबत नाही
‘प्लास्टर काढा, जांभा उघडा करा, वर चकचकीत वॉर्निश मारा, कोकणातल्या घराचं रूप येतं, ओलही थांबते,’ असा संदेश फिरतो आहे. रूप येतं, ओल थांबत नाही. जांभा सच्छिद्र असतो. जोत्यातून चढलेली ओल त्याच्या पृष्ठभागातूनच सुकते. वॉर्निशने ती वाट बुजली की थर पांढरट पडतो, पापुद्रे सुटतात, क्षारांमुळे दगडाची भुकटी होऊ लागते.

त्याऐवजी सांधे १५–२० मिमी खरवडा, पाणी शिंपडा आणि १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू असा माल दाबून भरा. आठवडाभर दमट ठेवा. सिमेंट नकोच, ते ओल कोंडतं. पावसाच्या झडीकडची भिंत मात्र कृपया उघडी करू नका. तिथे चुन्याचा गिलावाच हवा.