आबोलीचा रंग गेला कुठे?

परवा फोंड्यातल्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो आबोलीवरून. पाऊस नुकताच थांबला होता, पार अजून ओला, रोस ऑम्लेटच्या गाड्यावर गर्दी. बाबूने मोबाइल पुढे केला. घरामागच्या आबोलीचा फोटो, झगझगीत, जवळजवळ शेंदरी. आम्ही काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "आईला दाखवला, तर म्हणते, 'ही आमची आबोली न्हय!'"

"मग बरोबर बोलली ती," मास्तर म्हणाले. त्यांचा जन्म चित्रकला शिकवण्यात गेला, रंगाचा विषय निघाला की ते कप खाली ठेवतात. "कापडाच्या दुकानात आबोली रंगाची साडी मागितली तर कुठला रंग म्हणून कोणी विचारत नाही. नारिंगी नव्हे, गुलाबी नव्हे, शेंदरी तर नव्हेच. जाईला वास आहे, सुरंगीला वास आहे. आबोलीला वास नाही रे, तिच्याकडे आहे तो रंगच. तोच गेला तर फोटो कशाचा काढलास?"

भाईला हे पटलं नाही. भाईचं औषधाचं दुकान, पण फोटोचा नाद रोलच्या काळापासूनचा. "मास्तर, १९९० मध्ये फुजीचा व्हेल्विया रोल आला तेव्हा फुलं काढणारे त्याच्यावर तुटून पडले. का? तर रंग गडद यायचे म्हणून. तेव्हा तुम्ही म्हणालात का, हे खोटं आहे?"

"रोल तू पारखून घालत होतास. याच्या फोटोत रंग कोणी ठरवला? मोबाइलने."

इथे मी तोंड घातलं, कारण या रंगापायी मी स्वतः दोन पावसाळे घालवलेत. चौकट आबोलीने भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाची झाक ओळखून रंग आपोआप सावरणारी कॅमेऱ्याची सोय) फसतो. उजेडच तांबूस आहे असं कॅमेरा धरून चालतो आणि निळसर झाक मिसळतो. फूल फिकट गुलाबी होतं. याच्या उलट मोबाइल रंग चढवतो आणि ते शेंदरी होतं. त्यात लाल रंगाचा डेटा आधी भरून सांडतो, मग पाकळीवरच्या बारीक शिरा जातात आणि नुसता रंगाचा ठिपका उरतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण-एक स्टॉप (उजेडाचं माप) खाली घ्यायचं आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहताना लाल रेघ वेगळी पाहायची. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत, व्हाइट बॅलन्स मागाहून बदलता येतो, पण सांडलेला लाल परत येत नाही. आणि साधी गोष्ट: ज्या सावलीत फूल आहे त्याच सावलीत पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायचा. आंब्याखालची सावली हिरवी असते, ती आपल्या डोळ्याला कळत नाही, कागदावर कॅमेऱ्याला कळते.

"ऊन होतं का?" मी बाबूला विचारलं.

"होतं ना. म्हणून छत्री धरली फुलावर."

"कुठल्या रंगाची?"

बाबू गप्प. छत्री लाल होती. मास्तर एवढंच म्हणाले, "बघ." सावलीच करायची तर पांढरा पंचा ताणून धरावा, उजेड मऊ होतो आणि रंगाला धक्का लागत नाही.

मग गाडी वळली बाबूच्या प्रवासाकडे. ऑगस्टमध्ये तो उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला चाललाय, आणि बॅगेत त्याला तीन लेन्सा, ट्रायपॉड, फ्लॅश, सगळंच हवंय. मुक्कामाचं गाव घांघरिया तीन हजार मीटरच्या वर, तिथून रोज चढून दरीत जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. दरीत मुक्काम करू देत नाहीत. भाई म्हणाला, "एक मॅक्रो घे, फुलं अगदी जवळून टिपायला, बाकी निसर्गदृश्याला मोबाइल पुरे." मला मॅक्रोबरोबर रुंद दृश्य टिपणारी एक वाइड हवीच वाटते, दरीत ढग उतरतात तेव्हा मोबाइल कमी पडतो. यावर आमचं जुळलं नाही. जुळलं ते बाकीचं: जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, थंडीत त्या लवकर उतरतात म्हणून आतल्या खिशात बाळगायच्या, आणि बाहेरून गरम खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा, म्हणजे दव लेन्सवर न धरता पिशवीवर धरतं. गोव्यात एसी गाडीतून उतरताना आपण हेच उलट अनुभवतो. चामड्याच्या केसमध्ये मात्र काही ठेवू नये. माझ्या एका लेन्सला त्यातच बुरशी लागली, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी. अजून जीव हळहळतो.

"तिथे निळी पॉपी फुलते," मास्तर म्हणाले. "घरची आबोली जमेना तर तो निळा कसा आणशील? जायच्या आधी आबोली जमव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही बाबूच्या परसात. रात्रीच्या पावसाने आबोलीच्या वाळक्या बोंडांना पाणी लागलं होतं, ती मधूनच टप् करून फुटत होती, एक बी माझ्या मनगटावर येऊन लागली. बाबूने कागद धरला, मी पंचा. तो ओणवा झाला, वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत थांबला. एकवीस फोटो काढले, त्यातला एक ठेवला. पाकळीच्या कडेला रंग पातळ होत जातो तोही त्यात दिसत होता.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. स्क्रीन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं. रंगाचं काहीच बोलली नाही.

"सकयलचीं दोन फुलां बावल्यांत," ती म्हणाली. "कालच फाती करपाक जाय आशिल्ली." आणि गजरा ओवायला केळीचा दोर आणायला आत गेली.