चष्मा डबीत, मुलगी अंधारात

परवा सुट्टीला माहेरी गेले होते. भाची नववीत आहे. रात्री जेवताना ती ताट उचलून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसली. खालून सरकणाऱ्या बातम्या तिला पाटावरून वाचता येत नव्हत्या. चष्मा कुठाय विचारलं, तर वहिनीने कपाटाकडे बोट दाखवलं. दोन महिने तो डबीतच आहे, कारण दादाच्या फोनवर एक संदेश आला होता.

'१२ ते १८ वयाची मुलं घरात असतील तर हे वाचाच' असा त्याचा मथळा. मजकूर थोडक्यात असा: मोबाईलच्या लहरींनी मेंदूचा कॅन्सर होतो. मोबाईलनेच डोळे बिघडतात, पण चष्मा लावू नका, लावला की नंबर वाढतच जातो. त्याऐवजी रोज रात्री डोळ्यांत मधाचा थेंब घाला, तीन महिन्यांत चष्मा सुटेल. मुलींच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्या, पुढे लग्नाला अडचण येते. आजच्या मुलांना तब्येतीची फिकीरच नाही. घरातलं नेट बंद करा, सगळ्या चांगल्या सवयी आपोआप लागतील.

आमच्या घरात चष्म्याच्या मुद्द्याने नुकसान केलं, म्हणून आधी तोच.

भाचीला दूरचा दीड नंबर आहे. दुसऱ्या दिवशी तिची गणिताची वही पाहिली. पानापानावर लाल गोल. रीत सगळीकडे बरोबर होती, फळ्यावरून उतरवून घेतलेले आकडेच चुकले होते. "आत्या, तीन आणि आठ सारखेच दिसतात गं," ती म्हणाली. मग ती शेजारणीच्या वहीतून उतरवायला लागली आणि त्यावरून वर्गात बोलणी खाल्ली. घरी यातलं काहीच सांगितलं नाही, कारण चष्मा न लावणं हे तिच्या भल्याचंच आहे असं तिला सांगितलं गेलं होतं.

दूरचा नंबर लागतो तो बहुतेक वेळा डोळ्याचा गोल पुढून मागे किंचित लांबल्यामुळे. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एक मिलिमीटरची वाढ म्हणजे जवळजवळ अडीच-तीन नंबर. प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते, चष्म्याची काच ती मागे ढकलते. बाहेरून घातलेला मधाचा थेंब लांबलेला गोल आखूड कसा करणार? बाटलीतला मध निर्जंतुक नसतो, तो डोळ्यात घातला की जंतुसंसर्गाला वाट मिळते. भाचीचे डोळे चार दिवस लाल होते, तेव्हा वहिनीने स्वतःच्या जबाबदारीवर ते थांबवलं. वहिनी, तू बरोबर केलंस.

आता नंबर वाढण्याचं. वाढत्या वयात डोळाही वाढतो, त्यामुळे नंबर तसाही वाढतो. चष्मा त्याच वर्षांत लागलेला असतो, म्हणून दोष त्याच्यावर येतो. मलेशियात ९ ते १४ वयाच्या ९४ मुलांवर एक अभ्यास झाला, तो २००२ साली 'व्हिजन रिसर्च' या नियतकालिकात आला. निम्म्या मुलांना पूर्ण नंबराचा चष्मा दिला, निम्म्यांना मुद्दाम पाऊण नंबर कमी. दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला, कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. नंतरचे सगळेच अभ्यास इतके एकतर्फी नाहीत, हे मी लपवत नाही. पण म्हणून चष्मा डबीत ठेवा असं नेत्रतज्ज्ञ सांगत नाहीत.

लग्नाच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. चौदा वर्षांच्या मुलीला फळा दिसत नाही, आणि आपण कोणत्या तरी पाहुण्यांचा विचार करतोय?

कॅन्सरचं लवकर आटपते. २०११ साली या लहरी 'कदाचित कॅन्सरकारक' या यादीत घातल्या गेल्या, तेवढाच भाग धरून हे संदेश फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला, त्यात मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही.

मोबाईलने डोळे बिघडतात यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. तासन्‌तास जवळचं बघणं आणि दूरचा नंबर यांचा संबंध दिसतो, मग ते पुस्तक असो की पडदा. अंथरुणात फोन घेतला की झोप तुटते, हे तर आपण मोठेही अनुभवतो. पण संदेशात मैदानाचा शब्दही नाही. चीनमधल्या ग्वांगझूत १२ शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना दूरचा नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. लागलेला चष्मा उन्हाने सुटतो असं यातून निघत नाही. पण दादा, धाकट्याला तरी संध्याकाळी शिकवणीऐवजी मैदानावर सोड. आणि भाचीलाही सोड, ती सातवीपर्यंत खो-खो खेळायची.

राहिलं नेट बंद करणं. २०२३ च्या 'असर' या शिक्षणविषयक अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे 'बंद करा' म्हटलं की मुलीच्या हातातला घरचा फोन आधी जातो. आमच्याकडे तेच झालं. मुलांना तब्येतीची फिकीर नाही म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं: पाळी दोन महिने चुकली तेव्हा या मुलीने आईला विचारायची हिंमत होईना म्हणून वहिनीच्या फोनवर शोधलं होतं. तिला मिळालेलं उत्तर धड नव्हतं, त्याने ती आणखी घाबरली. तेव्हा शेजारी बसून 'हे वाच, हे सोड' सांगणारं माणूस हवं होतं. फोन काढून घेतल्यावर तो प्रश्न तिच्या मनातच राहिला, मला तो रात्री गच्चीवर कळला.

भाचीने चष्मा पुन्हा लावलाय. नंबर तपासून वर्ष उलटलं, म्हणून शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दादाने तो संदेश आपल्या घरच्या ग्रुपवरून काढला. पण त्याने तो गावच्या आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही टाकला होता. दादा, तिथे हे टाक, आणि आज रात्रीच टाक.