‘वित्त आयोगाचा पैसा येतो, मग पाणीपट्टी कशाला?’

उन्हाळा तोंडावर आला की विदर्भात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे लाखो रुपये येतात. नळ त्यातूनच चालतो. घरपट्टी-पाणीपट्टी सरपंच खातो. भरू नका, कोणी काही करू शकत नाही.’ यामागचा राग समजण्यासारखा आहे. हिशेब मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो खरा मानणाऱ्या गावाचा नळ ऐन मे महिन्यात कोरडा पडतो.

‘लाखो रुपये येतात.’ येतात, पण मोकळे नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांपुरताच ठेवला: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायला मनाई होती. शिवाय मेसेजमधला आकडा बहुधा विकास आराखड्यातला अपेक्षित असतो. खात्यात जमा झालेला वेगळा. गटग्रामपंचायत असली की तोच पैसा दोन-तीन गावांत वाटला जातो. निवडून आलेलं मंडळ नसलं किंवा लेखे वेळेत ऑनलाइन चढले नाहीत, तर हप्ताच अडतो.

‘नळ त्यातूनच चालतो.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. 10 एचपीची मोटर पूर्ण भारावर ताशी किमान साडेसात युनिट खाते. रोज सहा तास चालली तर महिन्याला किमान 1,350 युनिट. हे बिल बंधित निधीतून भरता येतं, हे खरं. पण बिल दर महिन्याला येतं, हप्ता तसा येत नाही. आणि बिलात गेलेला पैसा नव्या पाइपलाइनला उरत नाही.

व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाचा पगार तर बहुधा पाणीपट्टीवरच अवलंबून असतो. पाणीपट्टी थकली की पहिला फटका त्याला बसतो. मग व्हॉल्व वेळेवर फिरत नाहीत, टाकीजवळच्या घरांना धो-धो आणि शेवटच्या वस्तीला थेंब. दुसरी गोष्ट दिसत नाही, पण जास्त धोक्याची आहे: पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं सुटतं. 33 टक्के क्लोरीनची पावडर 1,000 लिटरला 5 ग्रॅम लागते, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. ती बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास तरी थांबून मगच नळ सोडायचे. पाण्यात क्लोरीन उरलं का ते दाखवणारी ओटी टेस्ट टाकीखाली नाही, शेवटच्या घराच्या नळावर करायची. तिथे किमान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन दिसायला हवं. आपल्याकडच्या उन्हात टिनाच्या खोलीत उघडं पडलेलं पोतं लवकर निकामी होतं. क्लोरीन 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. हे रोजचं काम पगार मिळणारा माणूसच करतो.

‘सरपंच खातो.’ काही ठिकाणी पैसा खाल्ला जातो, आणि तो पकडता येतो. वित्त आयोगाचा पैसा रोखीने निघत नाही. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सरपंच दोघांच्या डिजिटल सहीने तो थेट काम करणाऱ्याच्या किंवा माल देणाऱ्याच्या खात्यात जातो. म्हणून घोळ बहुधा फुगवलेल्या अंदाजपत्रकात, मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाचं माप लिहायची वही) किंवा जुनीच नाली नवी दाखवण्यात होतो. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडून कामं व खर्च पाहा, मग टेप घेऊन नाली मोजा. कर भरताना नमुना 10 ची छापील पावती घ्या. कोऱ्या चिठ्ठीवरची सही पावती होत नाही. तीच रक्कम नमुना 9 मध्ये, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीत, तुमच्या नावापुढे चढली का, तेही बघा. कर थांबवल्याने चोरी थांबत नाही, कारण ती बहुतेक दुसऱ्याच निधीत होते.

‘कोणी काही करू शकत नाही.’ महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 129 मध्ये मागणीचं बिल, मग हुकूम, मग जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री आहे. कलम 14 नुसार बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. सदस्यांचीच थकबाकी असेल तर आधी त्यांची यादी मागा.

ती ग्रामसभेत मागा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यापैकी कमी असेल ती संख्या. तेवढी माणसं नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मूठभर लोकांत ठराव पास होतात ते तिथेच. म्हणून पहिल्याच सभेला जा, थकबाकीची यादी आणि मोजमाप पुस्तिका वाचायला लावा, आणि तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला हे तिथेच वाचून घ्या.